प्रतिसाद भक्कम, व्रण मात्र कायम: उंदराच्या कानातील एका चिवट संसर्गाचे प्रकरण

सी५७बीएल/६ या अंतःप्रजनित वंशाचा उंदीर लीशमानिया मेजर या एकपेशीय परजीवीवर मात करतो, हे प्रतिकारशास्त्राच्या वर्गात गेली कित्येक वर्षे शिकवले जात आहे. परजीवी त्वचेत टोचल्यावर काही आठवड्यांनी तेथे गाठ येते, तिचा व्रण होतो, आणि साधारण अडीच-तीन महिन्यांत तो भरून येऊन मागे फक्त वण उरतो. प्रस्तुत प्रकरणात उंदीर हाच आहे, परजीवीची प्रजातीही हीच आहे आणि टोचण्याची जागा, म्हणजे कानाची अंतस्त्वचा, तीही तीच आहे. बदललेला आहे तो केवळ परजीवीचा वाण. साइडमन या नावाने प्रयोगशाळांत ओळखला जाणारा हा वाण दीर्घकाळ न भरणारे त्वचाव्रण असलेल्या एका रुग्णापासून विलग केलेला आहे आणि त्याच्या सांकेतिक नोंदीत सेनेगल हा देश व १९७४ हे वर्ष आहे. तो टोचलेल्या उंदराचा व्रण भरत नाही. तो पसरत जातो आणि अखेरीस कानाची अंतस्त्वचा पार नष्ट होते.

यात आश्चर्य एवढ्याचेच असते, तर उंदराची प्रतिकारशक्ती या वाणापुढे कमी पडली असे म्हणून विषय मिटवता आला असता. परंतु कानालगतच्या लसिका ग्रंथीतील टी पेशी (प्रतिसादाला दिशा देणाऱ्या श्वेतपेशी) बाहेर काढून त्यांना परजीवीचे प्रतिजन, म्हणजे त्याची ओळख पटवणारे अंश, दाखवले, तर त्या इंटरफेरॉन-गॅमा हे भक्षक पेशींना चेतवणारे संदेशवाहक प्रथिन भरपूर तयार करतात. पाठ्यपुस्तकानुसार बरे होण्यासाठी जो प्रतिसाद हवा, तो या उंदरात आहे आणि चांगला जोरकस आहे. तरीही व्रण भरत नाही. असे का होते, या प्रश्नाचा माग अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या बेथेस्डा येथील परजीवी रोग प्रयोगशाळेत, डेव्हिड सॅक्स यांच्या गटाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दीड दशकाहून अधिक काळ घेतला. त्या कामाचा क्रम नीट पाहिला, तर चिवट संसर्गाकडे पाहण्याची आपली दृष्टीच कशी बदलत गेली ते कळते, आणि म्हणूनच हे प्रकरण स्वतंत्रपणे मांडण्याजोगे आहे असे मला वाटते.

परजीवी आणि त्याचे घर

निसर्गात लीशमानियाचा प्रसार वाळूमाशीच्या चाव्यातून होतो. माशीच्या आतड्यात परजीवी लांबट असतो, त्याला कशाभिका असते आणि तो पोहतो. त्वचेत उतरल्यावर आधी न्यूट्रोफिल या श्वेतपेशी त्याला मोठ्या संख्येने गिळतात आणि नंतर तो मॅक्रोफेजमध्ये, म्हणजे भक्षक पेशीत, जाऊन पोहोचतो. तेथे तो गोल होतो, त्याची कशाभिका आक्रसते आणि ज्या आम्लयुक्त पोकळीत जंतू मारले जाणे अपेक्षित असते, त्याच पोकळीत तो विभाजन करीत राहतो. मॅक्रोफेज ही त्याची शत्रू पेशी आहे आणि तीच त्याचे निवासस्थानही आहे. संसर्गाचा निकाल बऱ्याच अंशी यावर ठरतो की, त्या मॅक्रोफेजला मारण्याचा आदेश मिळतो का, आणि मिळाला तर ती पेशी तो पाळते का. या वाक्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागाकडे अनेक वर्षे पुरेसे लक्ष गेले नव्हते.

आदेश मिळण्याची बाजू आधी उलगडली. १९८६ मध्ये मोसमन आणि कॉफमन यांनी उंदराच्या मदतनीस टी पेशींचे, त्या कोणते सायटोकाइन, म्हणजे पेशींमधील संदेशवाहक प्रथिन, स्रवतात त्यावरून, टीएच-१ आणि टीएच-२ असे दोन प्रकार वर्णन केले. १९८९ मध्ये हाइन्झेल, लॉक्सली आणि सहकाऱ्यांनी दाखवले की लीशमानिया मेजरचा संसर्ग बरा करणाऱ्या सी५७बीएल/६ उंदरांत इंटरफेरॉन-गॅमाची, म्हणजे टीएच-१ ची, तर संसर्ग बळावत जाणाऱ्या बाल्ब-सी वंशाच्या उंदरांत इंटरल्यूकिन-४ ची, म्हणजे टीएच-२ ची, बाजू वरचढ असते. पाठोपाठ पुरावे जमत गेले. संसर्गाच्या सुरुवातीलाच इंटरल्यूकिन-४ निष्प्रभ करणारे प्रतिपिंड दिले तर बाल्ब-सी उंदीर बरे होतात. सुरुवातीलाच इंटरल्यूकिन-१२ दिले तरी बरे होतात. उलट इंटरफेरॉन-गॅमाचे जनुक काढून टाकले, तर एरवी बरा होणारा वंशही संसर्गाला बळी पडतो. इंटरफेरॉन-गॅमामुळे मॅक्रोफेजमध्ये प्रेरित नायट्रिक ऑक्साइड सिंथेज हे विकर तयार होते, ते आर्जिनीन या अमिनो आम्लापासून नायट्रिक ऑक्साइड बनवते आणि परजीवी मरतो. इंटरल्यूकिन-४ मुळे तेच आर्जिनीन आर्जिनेज या विकराकडे वळते आणि त्यातून परजीवीच्या वाढीस उपयोगी पडणारी पॉलिअमिन संयुगे बनतात.

एवढी सुबक मांडणी क्वचितच हाती लागते, आणि तिने एका पिढीला विचार करण्याची चौकट दिली, यात शंका नाही. मात्र ती तेव्हाही पूर्ण निर्दोष नव्हती. इंटरल्यूकिन-४ चे जनुक काढलेल्या बाल्ब-सी उंदरांबाबत १९९६ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी एकमेकांविरुद्ध निष्कर्ष प्रसिद्ध केले: एका गटाचे उंदीर प्रतिकारक्षम झाले, दुसऱ्याचे झाले नाहीत. शिवाय हे बहुतेक प्रयोग परजीवींची संख्या फार मोठी ठेवून, पायाच्या तळव्यात टोचून केलेले होते. वाळूमाशी चावते तेव्हा त्वचेच्या वरच्या थरात तुलनेने फारच थोडे परजीवी उतरतात.

मोजमापाचा प्रश्न

पुढचे सारे निष्कर्ष ज्या मोजमापावर उभे आहेत, ते जवळून पाहणे भाग आहे. उंदराचा कान पातळ असतो आणि त्याच्या दोन पृष्ठभागांमध्ये कूर्चेचा थर असतो. अतिशय बारीक सुईने, काही मायक्रोलिटर द्रव अंतस्त्वचेत सोडला की तेथे क्षणभर लहानसा फुगवटा दिसतो; तो दिसला नाही, तर द्रव चुकीच्या थरात गेला असे समजतात. टोचण्यासाठी परजीवीची संसर्गक्षम अवस्था वेगळी काढावी लागते. त्यासाठी भुईमुगाच्या दाण्यातील एका प्रथिनाचा उपयोग होतो: अपक्व परजीवी त्या प्रथिनाला चिकटून गोळा होतात, पक्व परजीवी मोकळे राहतात.

नंतर दर आठवड्याला व्रणाचा व्यास व्हर्नियर कॅलिपरने मोजतात. मात्र हा आकडा सुजेचा असतो, परजीवींचा नव्हे. परजीवी मोजायचे तर उंदीर मारून कानाचे पुढचे व मागचे पदर एकमेकांपासून सोलतात, ऊतक विकराने विरघळवून पेशी सुट्या करतात आणि तो अर्क ९६ कप्प्यांच्या तबकडीत टप्प्याटप्प्याने पातळ करीत जातात. तबकडी २६ अंश सेल्सिअस तापमानाला ठेवली की जिवंत परजीवी पुन्हा कशाभिका धारण करून पोहू लागतात. आठवड्याभराने सूक्ष्मदर्शकाखाली शेवटच्या ज्या कप्प्यात हालचाल दिसते, त्यावरून मूळ संख्येचा अंदाज बांधतात.

हे दोन आकडे एकमेकांबरोबर चालतीलच असे नाही, ही गोष्ट २००० मध्ये बेल्काइद, सॅक्स आणि सहकाऱ्यांनी सी५७बीएल/६ उंदरांच्या कानात केवळ शंभर संसर्गक्षम परजीवी टोचून स्पष्ट केली. पहिले चार-पाच आठवडे कान वरून निरोगी दिसतो. आत मात्र परजीवी मोठ्या प्रमाणावर वाढत असतात. व्रण दिसू लागतो तो रोगप्रतिकारक पेशी तेथे पोहोचू लागल्यावर, आणि त्याच सुमारास परजीवींची संख्या उतरू लागते. म्हणजे डोळ्यांना दिसणारा आजार हा बऱ्याच अंशी बचावाचा परिणाम असतो. व्रणाचा आकार पाहून प्रतिसाद चांगला की वाईट हे ठरवणाऱ्याने हा क्रम सतत ध्यानात ठेवायला हवा.

बरे झालेल्या उंदरातही परजीवी उरतो

साइडमन वाणाकडे वळण्यापूर्वी एक टप्पा आवश्यक आहे. लीशमानिया मेजरच्या फ्रिडलिनसारख्या, ज्याचा संसर्ग बरा होतो अशा वाणाचा व्रण भरून आल्यावरही त्या जागी थोडे परजीवी आयुष्यभर टिकून राहतात. १९९६ मध्ये श्टेंगर, बोग्डान आणि सहकाऱ्यांनी बऱ्या झालेल्या उंदरांना नायट्रिक ऑक्साइड बनवणारे विकर रोखणारे औषध दिले, तेव्हा आजार उलटला. शांत दिसणाऱ्या वणाखाली पहारा अखंड चालू होता, हे त्यावरून कळले.

मग हा पहारा शेवटचा परजीवी का संपवत नाही? उत्तर इंटरल्यूकिन-१० या, प्रतिसाद सौम्य करणाऱ्या सायटोकाइनकडे गेले. ते तयारच न करू शकणाऱ्या उंदरांच्या कानातून परजीवी पूर्णपणे नाहीसे होतात, आणि संसर्ग जुना झाल्यावर त्याचा ग्राहक (पेशीवरील ज्या प्रथिनाला चिकटून ते संदेश देते ते) अडवला तरी पुष्कळ उंदरांत तसेच घडते. २००२ मध्ये असे दाखवले गेले की पृष्ठभागावर सीडी२५ हे प्रथिन धारण करणाऱ्या नियामक, म्हणजे प्रतिसाद आवरणाऱ्या, टी पेशी व्रणाच्या जागी जमतात आणि परजीवीचा शेवटचा अंश संपू देत नाहीत. त्याच कामात याहून महत्त्वाचा असा एक निष्कर्ष होता: ज्या उंदरांच्या शरीरातून परजीवी समूळ गेला, ते दुसऱ्या संसर्गापासूनचे संरक्षण गमावून बसले. थोडासा उरलेला परजीवीच टिकाऊ प्रतिकारशक्ती जागती ठेवत होता. संपूर्ण निर्मूलन हे नेहमीच रुग्णाच्या हिताचे असते, हे गृहीतक त्यामुळे डळमळीत झाले.

साइडमन वाणाचे गूढ

आता मूळ प्रश्न. साइडमन वाणाने ग्रस्त उंदरात टीएच-१ प्रतिसाद आहे. बाल्ब-सी उंदरासारखा टीएच-२ चा वरचष्मा येथे दिसत नाही. पहिला संशय साहजिकच नियामक टी पेशींवर गेला. २००७ मध्ये अँडरसन आणि सहकाऱ्यांनी तो तपासला आणि हाती वेगळेच काही लागले. इंटरल्यूकिन-१० येथेही दोषी होते, परंतु ते तयार करणाऱ्या मुख्य पेशी नियामक टी पेशी नव्हत्या. इंटरफेरॉन-गॅमा स्रवणाऱ्या टीएच-१ पेशीच सोबत इंटरल्यूकिन-१० देखील स्रवत होत्या. मारण्याचा आदेश आणि तो सौम्य करणारा संदेश एकाच पेशीतून, एकाच जागी निघत होता. ऊतकाची हानी आवरण्यासाठी शरीराने ठेवलेली ही सोय असावी, असे मानायला जागा आहे. या संसर्गात तिचा लाभ परजीवीला मिळतो. लसिका ग्रंथीतील पेशी किती इंटरफेरॉन-गॅमा देतात एवढेच मोजणाऱ्या चाचणीला हा दुहेरी संदेश दिसणारच नाही, आणि ही त्रुटी लसींच्या मूल्यमापनातही जशीच्या तशी शिरू शकते.

२०१६ मध्ये शार्मॉय आणि सहकाऱ्यांनी याच संसर्गाचे पहिले दिवस तपासले. फ्रिडलिनच्या तुलनेत साइडमन वाणामुळे त्वचेत इंटरल्यूकिन-१ बीटा हे दाह भडकवणारे सायटोकाइन लवकर व अधिक तयार होते आणि न्यूट्रोफिल पेशींचा लोंढा येतो. मॅक्रोफेजच्या आतील एनएलआरपी-३ नावाचा धोकासूचक प्रथिनसमूह यामागे होता. तो समूह, किंवा इंटरल्यूकिन-१ बीटा, किंवा त्याचा ग्राहक नसलेल्या उंदरांचे व्रण भरून आले. न्यूट्रोफिल पेशींचा उपजत अभाव असलेल्या जेनिस्टा या उंदरांचेही भरून आले. येथे थांबून विचार करावा असे मला वाटते. दाह म्हणजे बचाव, आणि जितका दाह लवकर व जोरात तितके बरे, ही समजूत सामान्य माणसाचीच नव्हे, तर अनेक अभ्यासकांचीही असते. या प्रकरणात सुरुवातीचा दाहच पुढच्या चिवटपणाचा पाया घालतो, आणि तो आवरला तर नंतरचा टीएच-१ प्रतिसाद उलट अधिक बळकट होतो.

तरीही एक प्रश्न शिल्लक होता. इंटरफेरॉन-गॅमा त्वचेत पोहोचत असेल, तर परजीवी नेमक्या कोणत्या पेशीत बसून त्यातून वाचतो? आतापर्यंत 'मॅक्रोफेज' असा एकच शब्द सरसकट वापरला जात होता. त्वचेत मात्र निदान दोन प्रकारचे मॅक्रोफेज असतात. दाह सुरू झाल्यावर रक्तातील मोनोसाइट पेशी येतात व त्यांच्यापासून नवे मॅक्रोफेज बनतात. दुसरे मॅक्रोफेज निरोगी त्वचेत मुळातच वस्तीला असतात, मृत पेशी उचलतात आणि ऊतकाची डागडुजी करतात. या निवासी मॅक्रोफेजच्या पृष्ठभागावर मॅनोज ग्राहक, म्हणजे मॅनोज या शर्करेला पकडणारे प्रथिन, मोठ्या प्रमाणात असतो आणि त्यांचा स्वभाव मारण्यापेक्षा दुरुस्तीकडे झुकलेला, म्हणजे एम-२ प्रकारचा असतो.

२०१८ मध्ये ली, सॅक्स आणि सहकाऱ्यांनी दाखवले की साइडमन वाण फ्रिडलिनपेक्षा कितीतरी सहजपणे या निवासी मॅक्रोफेजमध्ये शिरतो आणि त्यासाठी मॅनोज ग्राहक लागतो. उंदरांवर प्रारण सोडून त्यांना दुसऱ्या उंदराची अस्थिमज्जा दिली, तरी या पेशी मूळ उंदराच्याच राहिल्या. संसर्गातही रक्तातील पेशींनी त्यांची जागा घेतली नाही. आजूबाजूला इंटरफेरॉन-गॅमा असूनही त्यांचे एम-२ गुणधर्म टिकून राहिले आणि त्यांना टिकवणारे घटक होते इंटरल्यूकिन-४ आणि इंटरल्यूकिन-१०. प्रतिपिंडाच्या साहाय्याने या पेशी निवडकपणे कमी केल्या, तेव्हा आजार ओसरला. आदेश मिळतो, पण काही पेशी तो पाळत नाहीत. आणि हा परजीवी नेमक्या त्याच पेशी गाठतो.

इंटरल्यूकिन-४ चे येथे पुन्हा येणे चकित करणारे आहे. लसिका ग्रंथीत टीएच-२ प्रतिसाद नाही, मग हे सायटोकाइन येते कोठून? २०२० च्या शोधकार्यात याचे उत्तर इओसिनोफिल या आणखी एका प्रकारच्या श्वेतपेशींत मिळाले. जिवंत उंदराच्या त्वचेचे सूक्ष्मदर्शकाखाली चित्रण केले असता, संसर्गानंतर इओसिनोफिल झपाट्याने आत येऊन निवासी मॅक्रोफेजना अगदी चिकटून राहताना दिसले. इओसिनोफिलकडून मिळणाऱ्या इंटरल्यूकिन-४ मुळे मॅक्रोफेज सीसीएल-२४ हे आकर्षक रसायन सोडतात आणि ते आणखी इओसिनोफिल बोलावते. इओसिनोफिलमधील इंटरल्यूकिन-४ व १३ काढून घेतल्यावर निवासी मॅक्रोफेजची संख्या घटली, उरलेल्यांचा कल दाहाकडे वळला आणि आजार सौम्य झाला. २०२३ मध्ये या चक्रात आणखी दोन दुवे जोडले गेले. निवासी मॅक्रोफेज टीएसएलपी नावाचे सायटोकाइन स्रवतात. त्यावर 'प्रकार-२' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उपजत लसिका पेशी पोसल्या जाऊन इंटरल्यूकिन-५ देतात. आणि इंटरल्यूकिन-५ वर इओसिनोफिल अवलंबून असतात. केवळ निवासी मॅक्रोफेजमधील टीएसएलपी काढून टाकले, तरी तिन्ही प्रकारच्या पेशी कमी झाल्या आणि संसर्ग निवळला.

प्रकरणाचे वाचन

या सर्व पुराव्यांवरून मी काढतो तो निष्कर्ष असा: सी५७बीएल/६ उंदराचा साइडमन वाणाविरुद्धचा प्रतिसाद कमकुवत नाही आणि चुकीच्या दिशेला गेलेलाही नाही. त्या प्रतिसादाच्या मध्यभागी, काही अंशमात्र मिलिमीटरच्या परिघात, दुसऱ्या स्वभावाचा एक स्वयंपूर्ण प्रदेश निवासी मॅक्रोफेजनी स्वतःभोवती राखलेला असतो आणि परजीवी तेथे वाढतो. टीएच-१ की टीएच-२ हा प्रश्न संपूर्ण उंदराला उद्देशून विचारला, तर उत्तर टीएच-१ येते. तोच प्रश्न परजीवी बसलेल्या पेशीला उद्देशून विचारला, तर उत्तर बदलते. दोन्ही उत्तरे खरी आहेत. बाल्ब-सी आणि सी५७बीएल/६ यांची जुनी तुलना त्यामुळे रद्द होत नाही, परंतु न भरणाऱ्या प्रत्येक व्रणाला बाल्ब-सीच्या साच्यात बसवण्याची सवय सोडायला हवी.

२००७, २०१६ आणि २०१८ ची उत्तरे एकमेकांना खोडून काढणारी आहेत असे वरवर वाटते. इंटरल्यूकिन-१० देणाऱ्या टीएच-१ पेशी, सुरुवातीचे न्यूट्रोफिल आणि निवासी मॅक्रोफेज, यांपैकी कोणताही एक घटक काढला तरी आजार ओसरतो. माझ्या मते याचा सरळ अर्थ असा की चिवटपणासाठी हे तिन्ही घटक लागतात. इंटरल्यूकिन-१० हे दोन निष्कर्षांत समान आहे आणि ते निवासी मॅक्रोफेजना टिकवणाऱ्या घटकांपैकी एक आहे, त्यामुळे २००७ चे उत्तर २०१८ च्या उत्तरात सामावते. न्यूट्रोफिलचा दुवा मात्र तितक्या सहजपणे जुळत नाही. तो संसर्गाच्या आरंभाशी निगडित आहे, तर इओसिनोफिलचे चक्र पुढे चालू राहणारे आहे.

मर्यादाही स्पष्ट आहेत. त्वचेचा लीशमानिया आजार जगभरात दरवर्षी अंदाजे ६ लाख ते १० लाख नव्या रुग्णांना होतो, परंतु तो अनेक प्रजातींमुळे होतो आणि माणसाची त्वचा म्हणजे उंदराचा कान नव्हे. एकाच जनुकीय घडणीच्या उंदरांवर, सुईने टोचलेल्या एका वाणाने जे दिसले, ते माशीच्या चाव्यातून, तिच्या लाळेसह आणि आतड्यातील जीवाणूंसह येणाऱ्या संसर्गाला तसेच्या तसे लागू करता येत नाही.

उपचाराच्या दृष्टीने पाहता, निवासी मॅक्रोफेज कमी करणे हा मार्ग आकर्षक दिसतो, पण त्याच पेशी त्वचेची दुरुस्ती करतात, आणि भरून येण्यासाठी व्रणाला नेमकी तीच दुरुस्ती लागते. इंटरल्यूकिन-१० अडवले तर परजीवी समूळ नष्ट होऊन पुढचे संरक्षणही जाण्याचा धोका २००२ पासून माहीत आहे. टीएसएलपी आणि इंटरल्यूकिन-५ यांना अडवणारी प्रतिपिंडे दम्याच्या उपचारात आधीच वापरात आहेत, म्हणून या चक्रातील हे दुवे तपासणे व्यवहार्य वाटते. त्यासाठीचा प्रयोग संसर्गाच्या आरंभी करून भागणार नाही, कारण रुग्ण दवाखान्यात येतो तो व्रण उघडा झाल्यावर. साइडमन वाणाचा व्रण पूर्ण वाढलेला असताना हे चक्र तोडले, तर निवासी मॅक्रोफेज पुन्हा वस्ती करतात का, तेव्हा त्यांच्यात परजीवी किती उरलेला असतो, आणि तोच उंदीर नंतर फ्रिडलिन वाणाच्या संसर्गाला तोंड देऊ शकतो का, हे तिन्ही आकडे एकाच उंदरांच्या गटात, सूज आणि परजीवींची संख्या वेगवेगळी नोंदवून, घ्यायला हवेत.